कडब्यातलं रुखवत

छबूबाईचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. दुधावर नाही, मोबाईलवरच्या हवामानावर नाही, शेजारणीवर तर मुळीच नाही. दुकानातून आणलेली चहापत्ती ती आधी गार पाण्यात टाकून बघायची. कोणी दारात येऊन गोड बोलायला लागलं की ती त्याच्या तोंडाकडं न बघता हातांकडं बघायची. गाव तिला भांडखोर म्हणत नसे. "छबू मानूस पाखडून घेती," एवढंच म्हणे.

पाखडण्याला कारण होतं. दिवाळी सरली की तिचा धाकटा भाऊ अजिनाथ आणि भावजय सविता ऊसतोडीला राहात्याकडं जात. हंगाम संपेपर्यंत घर, गाय आणि दोन लेकरं छबूबाईच्या ताब्यात. राजनंदिनी, घरातली राजू, नववीत. ज्ञानेश्वर तिसरीत, त्याला सगळे माऊलीच म्हणत. लेकरं भावाची, राखण आपली. काही कमीजास्त झालं तर गाव कोणाला बोलणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसरं कारण जुनं होतं. तिचं लग्न उसाच्या फडावर ठरलं होतं. ऊसतोडीला माणूस एकटा चालत नाही, नवरा-बायकोची जोडी लागते. त्या जोडीलाच कोयता म्हणतात. एका पोराला जोडी नव्हती. छबू तेव्हा आताच्या राजनंदिनीएवढीच. ती मोळ्या बांधत होती आणि उसाच्या पाचटावर बसून मोठी माणसं तिचं लग्न ठरवत होती. तिला कळलं ते अंगाला हळद लागल्यावर. नवरा दारू प्यायचा. मारायचा. काही हंगाम तिनं काढले. मग एका सकाळी कोयता त्याच्यापुढं टाकला, पंचांसमोर फारकत घेतली आणि भावाच्या घरी आली. पुन्हा फडावर पाऊल ठेवलं नाही.

या साली मार्गशीर्षातच कडाका पडला. अशा दिवसांत लेकरं चुलीजवळ बसून काहीतरी करत बसायची. ज्वारीचं धाट सोलायचं, आतल्या भेंडाची चाकं कापायची, सालीच्या काड्या टोचून बैलगाडी करायची. छबूबाईच्या हातात भाकरी आणि पायाजवळ लेकरांचा कचरा, असा तिचा हिवाळा. ती ओरडायची, पण गाडी पूर्ण झाली की एक बैल आपणही करून द्यायची.

या साली गाड्या झाल्या नाहीत. चुलीजवळ कचरा पडेना. तिला हे पहिल्यांदा खटकलं.

मग माऊलीच्या गालावर एक टिकली चिकटलेली दिसली. सोनेरी, बारीक, भरतकामाला लावतात तसली.

"ही कुठली रं?"

"शाळंतली."

"शाळंत टिकल्या वाटत्यात का आता? खिचडी बंद झाली व्हय?"

माऊली हसला आणि पळाला. रात्री राजनंदिनीच्या बाहीला लाल लोकरीचा धागा निघाला. "शाळेचा प्रकल्प हाय, आत्या," ती म्हणाली. वर न बघता म्हणाली. दुसऱ्या दिवशी छबूबाई गाईला पाणी पाजायच्या निमित्तानं शाळेवरून गेली. गुरुजी फाटकात उन्हाला उभे होते. त्यांना विचारलं, तर प्रकल्प काही नव्हता.

तिनं घरी येऊन काही विचारलं नाही. विचारलं की चोर सावध होतो.

ती नुसती बघत राहिली. बघता बघता तिला कल्याण दिसला.

कल्याण जीपवाला, गाव शेवगावकडं. पाथर्डी ते राहाता, फडावरची माणसं, पीठ, बाजरी, निरोप, सगळं तोच न्यायचा आणि आणायचा. बायको वारलेली. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. दर बाजाराला त्याची जीप चहाच्या टपरीपाशी थांबायची आणि राजनंदिनी धावत जाऊन त्याच्याकडून एक पुडकं घ्यायची. त्याला एक द्यायची. छबूबाई विचारायची, तेव्हा उत्तर ठरलेलं: "आईनं पापड धाडल्यात." पापड काही ताटात आले नाहीत.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. कल्याण गावातल्या प्रत्येक बाईला हाक मारायचा. कोणी आक्का, कोणी मावशी, कोणी वहिनी. तिला मात्र तो काहीच म्हणत नसे. आधी आक्का म्हणायचा. दिवाळीपासून बंद झालं. समोर आली की तो जीपचा आरसा पुसायला लागायचा.

छबूबाईनं त्यावर विचार केला. उद्या नातं लागायचं असलं की माणूस आजच हाक मारायला अडखळतो. विहीणबाई म्हणायचं असेल तर आक्का कसं म्हणणार? आणि कल्याणला एक पुतण्या होता. कारखान्यावर कामाला. लग्नाचा.



खरं काय ते कडब्यानं दाखवलं. सकाळी गाईला पेंढी काढायला ती गंजीकडं गेली. एका बाजूच्या पेंढ्या सैल होत्या. तिनं एक ओढली, तर मागून पुठ्ठ्याचा खोका घसरून तिच्या पायावर पडला.

तिनं तो तिथंच बसून उघडला. आत लोकरीचं तोरण होतं. टिकल्या लावलेला नारळ होता. ज्वारीच्या सालीची कोपी, ऊसतोडीवाल्यांची फडावर असते तसली झोपडी, दारात भेंडाची चूल, चुलीवर डाळीएवढी भाकरी. पुठ्ठ्याची एक जीप, तिला टिकल्यांचे दिवे. आणि कापडी बाहुला-बाहुली. बाहुल्याच्या डोक्यावर फेटा. बाहुलीच्या अंगावर हिरवं लुगडं, आणि ते लुगडं छबूबाईच्या साडीचं होतं. दिवाळीत दोरीवरून गेलेली साडी. त्या साडीपायी ती शेजारणीशी अजून बोलत नव्हती.

रुखवत होतं ते. लग्नात नवरीच्या बाजूनं मांडतात ते. या भागात कुठल्याही बाईला खोका उघडल्या उघडल्या कळलं असतं. आणि घरात नवरी व्हायजोगी एकच पोरगी होती. चौदा वर्षांची.

ती बराच वेळ बसून राहिली. दव पडून कडबा ओला होता, तिचा पदर भिजला. मग तिनं खोका होता तसा ठेवला, पेंढ्या नीट लावल्या आणि गाईला चारा टाकला.

संध्याकाळी राजनंदिनी मोबाईल घेऊन गोठ्यामागं गेली. छबूबाई भिंतीच्या अलीकडं उभी राहिली. असं चोरून ऐकायची तिला लाज वाटत नव्हती. तिच्या वेळी कोणी ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

"आई, फेटा झाला. बाहुलीचं नाक माऊलीनं चेपलं, परत केलं. व्हय... मुंडावळ्या तू कर. न्हाई गं, आत्याला काई कळत न्हाई."

छबूबाईनं तोंडावर पदर धरला. सविता. तिची भावजय. तिनं जिला बाळंतपणात न्हाऊ घातलं ती. फडावर बसून लेक उजवायला निघाली होती. आणि पोरगी हसत होती. छबूलाही हळदीच्या दिवशी बांगड्या बघून हसू आलं होतं.

बाजाराच्या दिवशी ती राजनंदिनीच्या आधी टपरीपाशी जाऊन उभी राहिली. जीप आली. कल्याण उतरला, तिला बघितलं आणि पुन्हा आत बसायला निघाला.

"पुडकं," छबूबाई म्हणाली.

"ते... राजूचं हाय."

"आन इकडं."

त्यानं दिलं. तिनं टपरीच्या फळीवर, चहाच्या पेल्यांच्या मधोमध कागद फाडला. आतून मुंडावळ्या निघाल्या. पांढऱ्या आणि लाल मण्यांच्या. बाहुलीच्या नव्हत्या, माणसाच्या कपाळाला बांधायच्या होत्या. चहा पिणारी माणसं पेले धरून बघत राहिली.

"कुनाच्या कपाळाला हायत ह्या?"

कल्याण कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

"तुमच्या पोरास्नी पोरी मिळंनात म्हनून आमच्या उचलाया निघालात? पोरगी चौदाची हाय. मी ठान्यात जाईन. तुला, तुझ्या पुतन्याला, माझ्या भावाला, सगळ्यांना आत घालीन. सख्खा हाय म्हनून सोडायची न्हाई!"

"पोरगी?" कल्याण म्हणाला. "कोनती पोरगी?"

"वर तोंड करून मलाच इचारतो!"

तेवढ्यात राजनंदिनी पोचली. मागून माऊली. पोरीनं फळीवरच्या मुंडावळ्या बघितल्या, आत्याचं तोंड बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आत्या, माझ्या न्हाईत."

"मंग कुनाच्या?"

"तुझ्या."

टपरीवाल्याचा चहा उतू गेला. त्यानंही पाहिलं नाही.

"आत्याचं लगीन हाय," माऊली म्हणाला. इतके दिवस पोटात ठेवलेलं त्याला एकदाचं ओकता आलं. "कल्यानमामासंगं. आमी रुखवत केलंय. आता मामा न्हाई म्हनायचं, राजूदीदीनं सांगितलंय."

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. छबूबाईनं तिकडं बघितलं. हसू थांबलं.

तिला आनंद झाला नाही. रडूही आलं नाही. ती फळीला धरून उभी राहिली. मग राजनंदिनीच्या हातातून मोबाईल घेतला. "तुझ्या बापाला लाव."

अजिनाथ फडावर होता. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता.

"अजा, माझं लगीन ठरवलंस म्हनं."

पलीकडं आधी नुसता ट्रॅक्टर. मग, "आक्का, ठरवलं न्हाई. कल्याननं दिवाळीत शबुद टाकला. चांगला मानूस हाय. आमी म्हटलं, बघू..."

"कोनी बघितलं? मला इचारलं कोनी?"

"तू न्हाईच म्हनली असतीस."

"म्हनून इचारायचंच न्हाई? बापानं बी हेच केलं हुतं. तवा तर मी लहान तरी हुते."

फोन सवितानं घेतला.

"आक्का, मला बोला. त्यांना नका. राजूनं आमचं बोलनं ऐकलं. म्हनली, आपन रुखवत करू, आत्याचं कोनी केलं नव्हतं. ती तिकडं कोपी करती, मी हितं मनी ओवते. दिसभर उसात, सांजच्याला कोपीत दिव्याजवळ. अर्धं तिचं, अर्धं माझं, कल्यानभावजी ने-आन करत्यात. तेवढंच लेकरांसंगं बसल्यावानी वाटतं." ती थांबली. "मला त्याचीच गोडी लागली, आक्का. तुमाला इचारायचं राहूनच गेलं."

छबूबाईनं फोन बंद केला. शिवी द्यावी असं काही तिला सापडलं नाही. याचाच तिला राग आला.

मग ती कल्याणकडं वळली. टपरीवर आता निम्मा बाजार जमला होता.

"तुला तोंड हाय का न्हाई?"

"हाय."

"मंग भावाला कामून इचारलं? लगीन काय अजाशी करायचंय?"

एकजण हसला, पण कल्याण हसला नाही. त्यानं टोपी काढून हातात धरली.

"भ्या वाटलं," तो म्हणाला. "तुमी मानसाला पार उलटं-सुलटं करून बघता."

"आन बघू नये?"

"बघावं. म्हनूनच तर..." तो टोपीची घडी घालत राहिला.

"दारू?"

"न्हाई."

"पहिली कशानं गेली?"

"काविळीनं. सहाव्या म्हैन्यात हुती."

तो तिच्याकडं बघत होता. हात स्थिर होते. छबूबाईनं ते बघितलं. पण हात स्थिर ठेवता येतात. तिचा पहिला नवराही मागणीच्या दिवशी शुद्धीत होता, असं तिची आई सांगायची.

"जा," ती म्हणाली. "भाडं खोळंबलंय तुझं."

घरी तिनं खोका कडब्यातून काढून घरात आणला. थंडीत ओल लागते, लोकर कुबट होते. लेकरं दाराशी उभी राहिली. आता आत्या सगळं चुलीत घालणार, असं माऊलीला वाटत होतं. तिनं कोपी हातात घेतली, फिरवली, दाराला बोट लावून बघितलं. मग बाहुली घेतली.

"माझी चांगली साडी कापली."

"जुनी हुती, आत्या."

"जुनी का असंना. इचारायचं." तिनं बाहुली परत खोक्यात ठेवली. "शेजारनीला मी चोर म्हटलं. जा, तिला सांगून ये. तू जा, राजू, त्याला न्हाई पाठवायचं. त्यो तिखटमीठ लावील."

राजनंदिनी जायला निघाली आणि उंबऱ्यात थांबली. "आत्या, तू व्हय म्हनशील का?"

"मला ठाव न्हाई."

"मंग न्हाई म्हनशील?"

"तेबी ठाव न्हाई. आन मी सांगेपतुर एक मनी ओवायचा न्हाई. तुझ्या आईला बी सांग."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्टँडवर गेली. कल्याणच्या जीपची वाट तिनं चुकवली आणि शेवगावची एसटी धरली. कुठं चाललीस, हे कोणालाच सांगितलं नाही. कल्याणला कळलं असतं तर त्यानं आपल्या गावाला आधीच पढवून ठेवलं असतं. माणूस चांगला असेलही. चांगली माणसंसुद्धा अशा वेळी पढवतात.

त्याचं गाव फाट्यापासून आत होतं. ती चालत गेली. डोक्याला पदर घट्ट, अंगावर अजिनाथचा जुना स्वेटर. वेशीजवळ हापशावर एक म्हातारी बाई कळशी भरत होती. छबूबाईनं पहिल्यांदा तिचे हात बघितले. मग हापशाचा दांडा आपण घेतला आणि तिची कळशी भरून दिली.

"पाव्हनी कुठली?" म्हातारीनं विचारलं.

"पाथर्डीकडची. तुमच्यातल्या कल्यान जीपवाल्याची चौकशी करायची हाय. त्याची पहिली बायकू कशानं गेली, ते खरं सांगा. त्याच्या भावकीला ठाव हाय ते नको, तुमाला ठाव हाय ते सांगा."

म्हातारीनं कळशी खाली ठेवली आणि तिला खालून वरपर्यंत बघितलं.

"पोरीला स्थळ बघती व्हय?"

"न्हाई," छबूबाई म्हणाली. "मला."