तुकाच्या दंडातली गाठ

गाठ बसत नव्हती. प्लेगची लस टोचली की दंड सुजतो, ताप येतो आणि आठवडाभरात सगळं निवतं. बेडशातल्या बाकीच्या पोरांचं तसंच झालं. कोंडीबाच्या तुकाच्या दंडात मात्र लिंबाएवढी टणक गाठ महिना उलटला तरी होती. मी तेव्हा लोणावळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. सुई मीच टोचली होती.

दाबून पाहिलं. पू नव्हता. म्हटलं, "चालतो ना नीट?"

"चालवतंय कोन? देवी हाय अंगात," त्याची आई राधाबाई म्हणाली. "भुईला पाय लावू देत न्हाई आमी."

देवीची लस वेगळी, प्लेगची वेगळी, हे सांगून माझा घसा बसला. गावाचा हिशेब साधा होता. टोचलं की देवी अंगात येते आणि खूण जिरेपर्यंत राहते. तोवर पोराला रागवायचं नाही, मारायचं नाही, चालवायचं तर नाहीच. बाकीच्यांच्या खुणा लवकर जिरल्या, म्हणून त्यात कुणाचं काही बिघडलं नाही.

मी तुकाला घोंगडीवरून खाली घेतलं आणि उठायला सांगितलं. तो आधी रांगता झाला. मग गुडघ्यांवर हात, मांड्यांवर हात, असा स्वतःच्याच अंगावर चढत कसाबसा उभा राहिला. पोटऱ्या पैलवानासारख्या फुगलेल्या.

स्नायूंचा एक आजार असतो. पोर तो जन्मतःच घेऊन येतं. मांस आतून झिजतं आणि तिथे चरबी भरते. पोटऱ्या भरदार दिसतात, ताकद मात्र नसते. असल्या मांसाला सुईची साधी इजाही लवकर भरून काढता येत नाही, गाठ त्यामुळेच राहिली असावी. आजार सुईने दिला नव्हता, गाठ मात्र सुईचीच होती. आजारावर औषध नव्हतं. आणि असं पोर बसून राहिलं की उरलीसुरली ताकदही जाते, ती परत येत नाही.

"आधी पळायचा का हा?" मी कोंडीबाला विचारलं.

"कुटला पळतोय? लय आळशी. गुरांमागं धाडला तर मधीच बसायचा. मारला बी लय."

"आता न्हाई मारत," तुका म्हणाला. कपाळाला हळद-कुंकू, हातात गुळाचा खडा. स्वारी खुशीत होती.

"रोज अंगणात चालवा. नाहीतर पुन्हा उभा राहायचा नाही."

"आन् देवी कोपली तर?" कोंडीबा म्हणाला. "गावात कुनाचं पोर गेलं, तर आमच्याच दारात येतील समदी."

तेही खोटं नव्हतं. त्याच सुमाराला पुण्याहून मोठे साहेब इन्स्पेक्शनला आले. मी त्यांना तुकाची केस सांगितली आणि म्हटलं, "सर, बेडशाला चला. तुमचं ऐकतील."

"चालवलं तर किती दिवस चालेल तो?"

"वर्ष. फार तर दोन."

"आणि त्यासाठी लसीने गाठ झाली म्हणून मावळभर बोभाटा करायचा? प्लेगचा सीझन आहे, डॉक्टर. केस सोडा."

त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना, म्हणून जास्तच संताप आला. केस मी सोडली नाही. जमेल तेव्हा कामशेतला उतरून बेडशाला जात राहिलो. चहा मिळायचा, मान मिळायचा. पोराला कुणी खाली ठेवायचं नाही.

अखेर गाठ जिरली. मी पोचलो तेव्हा देवीला दहीभाताचा नैवेद्य दाखवून झाला होता. कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घालून तुकाला अंगणात बसवलं होतं.

"ऊठ की रं. गेली देवी," कोंडीबा म्हणाला.

तुका रांगता झाला. हात गुडघ्यांवर आले आणि घसरले. पुन्हा आले, पुन्हा घसरले.

"ऊठ म्हनतोय न्हवं!"

कोंडीबाचा हात वर गेला. तो मी धरला आणि तिथेच सगळं सांगून टाकलं. पोर आळशी नाही, कधीच नव्हतं. आजार आहे. आता चालणार नाही.

"सुईनं झालं?" राधाबाईने विचारलं.

"नाही."

"मग देवीनं?"

"नाही, बाई."

"मग कुनी केलं?"

कुणीच नाही, असं म्हणालो. त्या उत्तराचं तिने काय करायचं, हे मलाही कळत नव्हतं. तुकाने तेवढ्यात दुसरी बाही वर सरकवली होती.

"डाक्तर, ह्या दंडाला टोचा की," तो म्हणाला. "परत येऊ द्या तिला."

मी टोचलं नाही. कोंडीबाने नंतर त्याला कधी मारलं नाही. काही वर्षं पाठीवर घेऊन हिंडवला, मग तुका गेला आणि तेही लागेना.

पुढे नोकरी संपेपर्यंत मी टोचायच्या आधी प्रत्येक पोराला जमिनीवर बसवून उठायला लावत असे. कंपाउंडर वैतागायचे, रांग खोळंबायची. त्याने आजार बरा होत नाही. फक्त बाप पोराला आळशी म्हणून मारत असेल, तर तेवढं लवकर थांबवता येतं.