सामानापाशी कुणीतरी बसायला हवं

संभाजीनगरात, म्हणजे आमच्या तेव्हाच्या औरंगाबादेत, संसार मांडणाऱ्या बाईला एक नोकरी न मागता मिळते: पाहुण्यांना वेरूळ दाखवायची. पगार नाही, सुट्टी नाही, रिटायरमेंट तर नाहीच नाही. पाहुणा लग्नाला येवो, दहाव्याला येवो, नाहीतर स्थळ बघायला येवो. दुसऱ्या दिवशी सकाळी 'आलोच आहोत तर' असं तो म्हणणार, आणि तो तसं म्हणाला की मी कणीक मळायला घ्यायची.

ही रीत माझ्या सासऱ्यांनी पाडली. ते निजामाच्या राजवटीत कचेरीत कारकून म्हणून लागले. पोलीस ॲक्शन झाली, साहेब बदलले, शिक्के बदलले, आणि हे त्याच खुर्चीवर बसून राहिले. म्हणायचे, माझी बदली कधी झाली नाही, राज्याचीच झाली. त्यानंतर पुण्याकडचे नातेवाईक मोकळेपणानं येऊ लागले आणि सासऱ्यांना त्यांना काय दाखवू अन् काय नको असं झालं. पुढं माझ्या नवऱ्यानं तो वसा घेतला. वेरूळ न दाखवता पाहुणा परत धाडला तर लोक काय म्हणतील, हे त्याचं ठरलेलं वाक्य. शनिवारी रात्री ते ऐकलं की मी बटाटे उकडायला ठेवायची.

पहाटे उठून पुऱ्या, बटाट्याची भाजी, दशम्या, ठेचा. सगळं बांधून गाडीत. दौलताबादचा किल्ला खालूनच बघायचा, खुलताबादेत उतरून दर्शन घ्यायचं, मग घाट उतरून वेरूळ. आणि तिथं पोचलं की कुणीतरी विचारायचं, सामानापाशी कोण बसणार? कारण तिथली वानरं लई धीट. डबा उघडायच्या आधी त्यांना वास लागतो. प्रश्न दर वेळी विचारला जायचा आणि उत्तर दर वेळी ठरलेलं असायचं. लिंबाखाली सतरंजी, तिच्यावर डबे, चपला, पाहुण्यांचं झोपलेलं पोर, आणि काठी घेऊन मी.

कैलास लेणं मी पाहिलंच नाही असं नाय. लेकीला कडेवर घेऊन एकदा अंगणापर्यंत गेले होते. हत्ती बघितला, तेवढ्यात ती रडायला लागली. पुढं कधी एक खांब, कधी एक जिना, असं तुकड्या-तुकड्यांनी बघितलं. पण सगळे सांगायचे की कैलास वरून बघायचा असतो. बाजूनं डोंगर चढायचा, कड्याशी उभं राहायचं आणि खाली बघायचं, म्हणजे कळतं की आख्खं देऊळ शिखरापासून खाली कोरत आणलंय. तेवढं मी कधी बघितलं नाही. मंडळी खाली आली की पाण्याचा तांब्या पुढं करत मी विचारायची, कसं होतं? आणि दरेक जण म्हणायचा, काय सांगू, शब्दच नाहीत. मला मनापासून राग यायचा. मला इथं उन्हात बसवून गेलात, आणि येताना चार शब्द आणले नाहीत?

अशी वर्षं गेली. सासरे गेले, गुडघे दुखायला लागले, लेकीचं लग्न झालं आणि ती जावयाबरोबर जर्मनीला गेली. एका उन्हाळ्यात तिनं दोन्ही आयांना बोलावून घेतलं. तिची सासू, म्हणजे माझ्या विहीणबाई, आणि मी. आठवडाभर ग्रीसला जायचं ठरलं. तिथली जुनी देवळं, डोंगरातली देवस्थानं वगैरे. नवऱ्यालाही बोलावलं होतं. तो म्हणाला, दगड बघायला एवढ्या लांब? दौलताबाद ओलांडलं की पुढं दगडच दगड आहेत. काखेत कळसा अन् गावाला वळसा. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून तर जास्तच लागलं. मी म्हटलं, तू बस कळसा धरून, मी जाते. आणि मनाशी एक ठरवलं. कुणाला बोलले नाही. या खेपेला मी वर चढायचं. कुठलं का देऊळ असेना, एक तरी वरून बघायचं आणि मगच मरायचं.

विहीणबाई पुण्याच्या. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, बोलणं मोजकं, साडीची घडी कडक. लग्नात त्यांनी काही वाकडं केलं नव्हतं, पण मुलीची आई ती मुलीची आईच. वराच्या आईपुढं तिचा हात आपोआप चहाच्या ट्रेकडं जातो. त्यातून त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. हॉटेलात आम्हा दोघींना एकच खोली. मी त्यांचा चहा करायची, गोळ्या काढून द्यायची, चपला पलंगाजवळ आणून ठेवायची. त्या म्हणायच्या, राहू द्या हो. मी राहू देत नसे. मलाच माझा वैताग यायचा, पण सवयीला औषध नाही.

पहिल्या दिवशी अथेन्सची ती टेकडी होती. विहीणबाईंना चढवणार नव्हतं, त्यांना एकटं कसं ठेवायचं, म्हणून मी खाली कडू कॉफी पीत त्यांच्याजवळ बसले. पुढं समुद्रावरचं एक देऊळ झालं. वारा एवढा की डोक्यावरचा पदर ठरेना. तिथंही आम्ही भिंतीच्या आडोशाला, पायाशी पिशव्या. लेक आणि जावई उन्हानं लाल होऊन परत यायचे, मोबाइलमधले फोटो दाखवायचे आणि म्हणायचे, आई, शब्दच नाहीत. घरचंच दळण परदेशात दळायला आल्यासारखं वाटायला लागलं. थकले होते मी. पण तो थकवा चालण्याचा नव्हता, बसण्याचा होता. बसून बसून माणूस जेवढं दमतं तेवढं चढून दमत नाही, हे मी अनुभवानं सांगते.

शेवटचा दिवस डेल्फीचा. दुसऱ्या दिवशी विमान. बसनं गेलो, घाटातून वळणं घेत घेत. उंच उघडे डोंगर, आणि खाली दरीभर ऑलिव्हची झाडं. हे म्हणे या लोकांचं मोठं देवस्थान. अपोलो त्यांचा देव, आणि त्याच्या देवळात एक पुजारीण बसायची. लांबलांबून लोक डोंगर चढून तिला प्रश्न विचारायला यायचे. सकाळीच हॉटेल सोडलं होतं आणि संध्याकाळच्या बसनं परतायचं होतं, म्हणून सगळं सामान बरोबर होतं. दाराच्या आत थोड्या पायऱ्या चढलं की एक सपाट फरसबंदी अंगण लागतं, पाइनची सावली आणि बसायला कट्टा. तिथं सामान टेकवलं, आणि लेक पाण्याची बाटली काढत सहज म्हणाली,

"आई, तू बस ना इथंच यांच्याजवळ. तुला तसंही कुठं आवडतं चढायला?"

आणि ती दोघं गेली. मी तिथंच उभी. राग आला, आणि रागापेक्षा रडू जास्त आलं. कुठं आवडतं? जन्मात कुणी विचारलं तरी होतं का? पण तिची तरी काय चूक. लहानपणापासून तिनं आई बघितली ती सतरंजीवर काठी घेऊन बसलेली. लेकराला वाटलं, आईला तेच आवडतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात; आमच्या घरात तर मी पिकले कधी हेसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी कट्ट्यावर बसले, पिशव्या पायाजवळ ओढल्या. इथं वानरं नव्हती, मांजरं होती. एक येऊन चिवड्याची पिशवी हुंगायला लागलं. माझा हात आपसूक उठला आणि मी त्याला हाकललं. विहीणबाई बघत होत्या. म्हणाल्या,

"तुम्ही जा वर. सामानापाशी मी बसते."

मला आधी कळलंच नाही. मग मी म्हटलं, छे छे, तुम्हाला एकटीला टाकून कसं जाऊ, बरं दिसतं का ते. त्या म्हणाल्या, कुणाला दिसायचंय इथं? मी पुन्हा काहीतरी सबब सांगितली, माझेही गुडघे, ऊन, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. शाळेत पोरींच्या सबबी ऐकतात तसं.

मग म्हणाल्या, "लग्नानंतर तुम्ही आम्हाला वेरूळला नेलं होतं. सगळे कड्यावर उभं राहून देऊळ बघत होते. मला खाली बाहेरच्या अंगाला झाडाखाली तुम्ही दिसलात. एकट्या, वानरांना हाकताना. मी ह्यांना म्हटलंही, त्या विहीणबाई का आल्या नाहीत? हे म्हणाले, सामानापाशी कुणीतरी बसायला हवं ना. मी गप्प बसले. आज नाही बसणार. उठा."

मी उठले. चार पावलं जाऊन मागं वळून बघितलं तर त्यांनी पिशव्या स्वतःच्या पायाजवळ ओढल्या होत्या आणि हातानं 'जा, जा' करत होत्या.

चढण सोपी नाही. नागमोडी वाट, गुळगुळीत झालेले दगड, मधूनच पायऱ्या. मी दर वळणावर थांबत होते. पाण्याची बाटली सामानातच राहिली होती, घसा कोरडा पडला. बाजूला लहान घरांसारखी, देवाच्या खजिन्याची कोठारं, भिंतींवर ग्रीक अक्षरं कोरलेली, बारीक आणि लई घट्ट. एका बाईनं पडलेल्या खांबावर बूड टेकलं तर पहारेकऱ्यानं शिट्टी फुंकली. मुख्य देवळापाशी पोचले आणि खरं सांगते, मनात आलं, एवढंच? जोतं आणि थोडे खांब, तेही पुन्हा उभे केलेले. आमच्याकडं आख्खा डोंगर कोरलेला जागच्या जागी उभा आहे, आणि तो मी बघितला नाही! हसू आलं मला. तिथंच, त्या देवाच्या दारात, एकटी हसले.

देवळाच्या वर एक नाटकगृह आहे, डोंगराच्या उतारावर दगडी बाकांच्या रांगा. तिथपर्यंत चढत होते तेवढ्यात लेक आणि जावई समोरून खाली येताना दिसले. लेक थबकली. आई इथं कशी, दम लागलाय का, पाणी हवं का, यातलं काहीच तिनं विचारलं नाही. म्हणाली,

"आई, तू इथं? मग सामान?"

"तुझ्या सासूबाईंकडं," मी म्हटलं.

जावयाचा चेहरा बघण्यासारखा झाला. लेक तर पायऱ्या सोडून पळतच सुटली. आईला इथं एकटी सोडली म्हणून नव्हे, सासूबाईंना सामानापाशी बसवलं म्हणून. जावयानं मला पाणी दिलं, हात धरू का विचारलं. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, मी बघून येते. 'बघून येते' हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होते. तोंडात नवीन दातांची कवळी बसवावी तसं वाटलं.

नाटकगृहाच्या सगळ्यात वरच्या अंगाला वाट जाते, तिथं जाऊन उभी राहिले. खाली नाटकगृह, त्याच्या खाली देवळाचे खांब, त्याच्या खाली ती नागमोडी वाट, आणि मग दरी, पार लांबवर. खरोखर, वरून बघितलं की सगळं जागच्या जागी बसतं. पण मी देऊळ फार वेळ बघितलं नाही. माझे डोळे शोधत होते ते खालचं पाइनचं झाड. सापडलं. झाडांच्या फटीतून विहीणबाईंच्या साडीचा मोतिया रंग दिसला. इवलीशी बाई, भोवती पिशव्या. मी हात हलवला. त्यांनी बघितलं नाही. त्या मांजराला हाकलत होत्या. सामानापाशी बसलेलं माणूस वर बघत नसतं.

म्हणजे मी अशी दिसत होते तर. एवढी लहान. आणि एवढ्या सगळ्या पाहुण्यांत, एवढ्या वर्षांत, वरून मला शोधलं ते या एकाच बाईनं, जिच्यापुढं मी लेकीच्या लग्नापासून चहाचा ट्रे घेऊन वाकत होते. तिथं मात्र मला रडू आवरलं नाही. दस्ती काढली, डोळे पुसले, नाक पुसलं, आणि उतरायला लागले. उतरताना गुडघ्यांनी जे काय केलं ते सांगत नाही.

खाली लेक सासूबाईंच्या पायाशी बसून दहादा विचारत होती, तुम्ही ठीक आहात ना, ऊन लागलं नाही ना. वरातीमागून घोडं. विहीणबाई तिच्याकडं लक्षच देत नव्हत्या. मी दिसले तशी त्यांनी पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली आणि विचारलं,

"कसं होतं?"

'शब्दच नाहीत' माझ्या जिभेवर आलं होतं. आलं तसं गिळलं. मला माहीत होतं ना, ते ऐकणाऱ्याला कसं वाटतं. मी त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसले, पाय पसरले आणि पहिल्या वळणापासून सांगायला घेतलं. कोठार कसं, अक्षरं कशी, शिट्टी कुणाला फुंकली, दगड कुठं गार लागला आणि कुठं तापलेला. त्या मधूनमधून विचारत होत्या, वाट डावीकडं वळते की उजवीकडं. लेकीनं दोनदा येऊन सांगितलं की बसची वेळ होत आली.

विहीणबाई म्हणाल्या, "थांब जरा. आमचं अजून देऊळ यायचंय."