आक्कांची पोथी आणि औषधाचं कपाट

पोथी घेऊन आक्का पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी त्यांना जवळजवळ परतच पाठवलं होतं. सांगलीतल्या एका सरकारी संग्रहालयात मी नोंदणीचं काम करते. कुणी जुनी वस्तू आणली की बक्षीसपत्र लिहून घ्यायचं, नोंदवहीत क्रमांक घालायचा, पुढे तिची देखभाल बघायची. माहेर साताऱ्याचं, स्वभाव तिखट. त्यात ती वेळ जेवणाची होती.

आक्का नदीकाठच्या गावातल्या, जैन शेतकरी घरातल्या. वय सत्तरीच्या पुढे. लाल बासनात बांधलेली पोथी त्यांनी पोटाशी धरली होती. त्यांच्या सासऱ्यांच्या आजोबांनी ती हातानं लिहिलेली. मागच्या मोठ्या पुरात घरात पाणी शिरलं, तेव्हा मुलांनी टीव्ही उचलला आणि आक्कांनी ही.

"आमच्या देवळातबी पाणी आलं हुतं," त्या म्हणाल्या. "तुमचं हे उंचावर हाय. हितंच ऱ्हाऊ द्या. पर एक हाय बाई, हिच्यापायी किडं मारायचं न्हाईत."

देणगीला अट घालता येत नाही, हा आमचा पहिला नियम. तो मी त्यांना जरा घुश्शातच ऐकवला.

"अट न्हवं गं. सांगून ठिवलं."

माझ्या पोटात कावळे ओरडत होते. "बरं बरं, बघू," मी म्हटलं आणि कागद पुढे सरकवला. त्यांनी सावकाश सही केली. माझं ते "बरं" त्यांनी शब्द म्हणून घेतलं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

आमच्याकडे आलेला प्रत्येक जुना कागद आधी औषधाच्या कपाटात जातो. खाली औषधाचे खडे ठेवायचे, दार घट्ट लावायचं, काही दिवस उघडायचं नाही. आत कसर असली, अळी असली, मरते. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर सगळे कागद पुन्हा त्यात जातात. पोथीही गेली. मला काही वाटलंसुद्धा नाही.

जैनांच्या घरी ज्येष्ठातल्या श्रुतपंचमीला पोथ्या बाहेर काढतात, झाडून-पुसून धुतलेल्या बासनात पुन्हा बांधतात. पुढच्या वर्षी त्या दिवशी आक्का सुनेला घेऊन एसटीनं हजर! एक दिवस पोथी घरी न्यायला मिळेल का, उद्या आणून देते, म्हणाल्या. मी सांगितलं, वस्तू उसनी द्यायची तर दुसऱ्या संस्थेलाच, तीही विमा उतरवून, वरून परवानगी आणून. एकट्यादुकट्या माणसाला मिळत नाही.

"मग हितंच बघते."

मी हातमोजे घालून त्यांच्यासमोर पोथी उघडली. आक्का वाकल्या. बराच वेळ तशाच राहिल्या.

"किडं मारलं न्हाईसा न्हवं?"

"नाही हो," मी पानांकडे बघत म्हटलं.

मी चहा मागवला. सुनेनं घेतला, आक्कांनी हात जोडले. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. मला राग यायला लागला. आमच्या हातचा चालत नाही की काय? विश्रामबागेत माझ्या शेजारी दोन जैन कुटुंबं राहतात, रोज वाटीची देवाणघेवाण चालते. ह्या बाईंचंच काय एवढं सोवळं? चौथ्या वर्षी मी चहा विचारायचाच नाही, असं ठरवलं होतं.

त्या वर्षी ऊन रणरणत होतं. पोथी बघता बघता आक्कांना घेरी आली. मी धरून खुर्चीवर बसवलं, पाणी पुढे केलं, तर तेही नको! माझा तोल सुटला. "एवढ्या उन्हात उपाशीपोटी येतंच कशाला कुणी?"

सून रडवेली झाली होती. "आवं, आत्या ह्या दिवशी उपास धरत्यात. पाणीबी घेत न्हाईत. तुमच्यापायी."

"गप गं," आक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून हसल्या. "वास आला की मला पयल्याच वर्षी. डांबरगोळीगत. जीव गेलं ते आमच्या पोथीपायी गेलं. तू नोकरमाणूस, तुला काय म्हणायचं? म्हून मी धरला उपास. दोघींचा."

मला इतकी लाज वाटली, की खोटं बोलले हे कबूल करायलाही तोंड उघडेना. त्या गेल्यावर मी जिन्याखाली जाऊन रडले. चार वर्षं एक म्हातारी माझ्या खोटेपणापायी उपाशी राहत होती, आणि मी तिच्या नावानं बोटं मोडत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे टिपणी ठेवली. ही पोथी औषधात घालू नये, कोरड्या पेटीत वेखंडाची पुरचुंडी ठेवून वेगळ्या खोलीत ठेवावी, दर शनिवारी मी स्वतः पान न् पान बघेन. साहेब म्हणाले, "बाई, किडीला कळतं का ही कुणाची पोथी ते?" पण माणूस चांगला. वर्षभराची मुदत दिली. कीड लागली तर पोथी पुन्हा कपाटात, आणि मग माझं काही ऐकणार नाहीत.

त्या पावसाळ्यात भिंतींना ओल आली आणि माझी झोप उडाली. शनिवारी सगळे घरी गेले, की मी मऊ ब्रश घेऊन बसायची. श्रावणात एक कसर दिसली, चंदेरी, शिवणीजवळ. एरवी अंगठ्यानं चिरडली असती. कागदावर घेतली, अंगणात कडुलिंबाखाली नेऊन सोडली. शिपाई बघत होता. त्याला म्हटलं, हसायचं तर हस. पुढचे दोन महिने दर शनिवारी मी प्रत्येक शिवण दोनदा तपासायची. पुन्हा काही दिसलं नाही.

यंदाच्या श्रुतपंचमीला साहेबही येऊन उभे राहिले. मी एकेक पान उलटत होते, ते भिंग लावून बघत होते. शेवटचं पान झालं. "स्वच्छ आहे," ते म्हणाले आणि टिपणीवर सही करून गेले.

आक्का वाकल्या. डोळे मिटून वास घेतला. नुसता वेखंडाचा होता.

"आक्का," मी म्हटलं, "पहिल्या वर्षी मी तुमच्याशी खोटं बोलले."

"ठावं हाय." त्यांनी पोथी धुतलेल्या बासनात ठेवली, गाठ मला मारू दिली. मग खुर्चीत टेकल्या आणि पदरानं कपाळ पुसलं.

"आता चा सांग बघू," त्या म्हणाल्या. "आलं नगं त्यात."