तुळशीराम तांडेलाची छाती

रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी तुळशीराम तांडेलाची होडी वैशाखात उलटली. माणूस एकही गेला नाही, जाळं तेवढं गेलं. गावाच्या लेखी विषय तिथं संपला. तुळशीरामच्या छातीच्या लेखी संपला नाही. खाडी समुद्राला मिळते त्या तोंडाशी होडी आली की त्याचा श्वास अडायचा, सुकाणूवरचे हात लाकूड व्हायचे. तीन वेळा इंजिन बिघडलं असं सांगून तो माघारी फिरला. चौथ्यांदा कुणाला पटलं नसतं. तेवढ्यात पावसाळी बंदी लागली, होड्या वर ओढल्या, आणि तांडेलाची, म्हणजे होडीच्या म्होरक्याची, दोन महिन्यांपुरती अब्रू वाचली.

अलिबागच्या डॉक्टरनं छातीचा ईसीजी काढला, काळीज ठणठणीत आहे म्हणाला, योगा करा म्हणाला. कुठं, कसा, ते सांगायला त्याला सवड नव्हती. रिसॉर्टमधला योगा तुळशीरामनं कुंपणाबाहेरून पाहिला होता. तो त्याच्यासाठी नव्हताच.

पण उपकेंद्रातली नर्स सुचिता योगोपचार शिकून आली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये ती बायकांना शिकवायची. कुणाची कंबर, कुणाचा दमा, कुणाची उडालेली झोप. बायको कमळनं तुळशीरामला तिथं आणून बसवलं. अकरा बायका आणि एक तांडेल.

"तांडेल, उद्या म्हावऱ्याची पाटी पन डोक्यावर घ्याल," त्यांतली काशी म्हणाली.

"घेतो की. तू होडी घे."

सुचिता सांगायची, श्वास सावकाश सोडा. तुळशीराम तो कोंडून धरायचा. पोरपणी धक्क्याखाली बुडी मारून सगळ्यांत जास्त वेळ पाण्यात राहणारा तो. दम धरला म्हणजे छाती मजबूत होते, एवढंच त्याला ठाऊक. घरी तर तो मोजून मोजून धरायचा आणि रोज आकडा वाढवायचा. तिसऱ्या आठवड्यात हॉलमध्येच डोळ्यांपुढं अंधारी आली आणि तो भिंतीला टेकला.

बायका गेल्यावर सुचितानं विचारलं, होडी उलटली तेव्हा तुम्ही कुठं होता?

"जाळ्याखाली. दम धरून."

"मग काका, रोज सकाळी तुम्ही परत तिथंच जाताय. धरणं तुम्हाला येतं. सोडायला शिका."

कालची पोर मला श्वास शिकवते, म्हणून तो आठवडाभर फिरकला नाही. मग आला. जाळं ओढताना खलाशी जोर लावून लांब हुंकार सोडतात, तसा श्वास सोडायला तिनं लावला. हे त्याला कळलं. पंधरा दिवसांत झोप लागायला लागली. कमळवर खेकसणं थांबलं नाही, कमी झालं.

खाडीच्या तोंडाचं काय, ते त्यानं थेट विचारलं. सुचितानं खोटं सांगितलं नाही. "भीती जाईल तेव्हा जाईल. पण लपवायला जेवढा जोर लावता, तेवढा तरी वाचवा."

हे म्हणणं सोपं. तांडेलानं भीतीचं नाव काढलं की खलाशी दुसरी होडी बघतात, हा किनाऱ्याचा कायदा. कुठं लिहिलेला नाही, म्हणून मोडत नाही.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला. दुसऱ्या दिवशी होडी निघायच्या आधी, पाचही खलाशांसमोर तुळशीराम मेव्हण्याला म्हणाला, "अंबाजी, तोंडाशी माझी छाती धरते. तेवढ्यापुरतं सुकाणू तू घे. पुढं मी हाय."

मग सगळ्यांत म्हातारा खलाशी, रावजी, तंबाखू मळत अंबाजीला म्हणाला, "उजव्या अंगाला वाळू साचलीय. डावीकडनं काढ." आणि होडीत चढला. बाकीचे त्याच्यामागून चढले.

तोंडाशी तुळशीरामची छाती धरली. डोलकाठीला पाठ लावून तो सगळ्यांदेखत मोठ्यानं हुंकार सोडत बसला. सुटायला वेळ लागला. खोल पाणी लागलं तसा तो उठला, आणि अंबाजीनं न सांगता सुकाणू सोडलं.

अजूनही खाडीच्या तोंडातून होडी अंबाजीच काढतो. खलाशी पाचच्या पाच आहेत.