अंग धरलं

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की मला अमळनेरचा आमचा ओटा आठवतो. तेव्हा मी कॉलेजात होते. अंडाशयातल्या गाठीवरची केमो संपली, रक्ताचा रिपोर्ट चांगला आला आणि आईने गल्लीभर पेढे वाटले. पण थोड्याच दिवसांत पोट पुन्हा फुगायला लागलं. जळगावच्या डॉक्टरांनी स्कॅन बघून सांगितलं, "कॅन्सर मेलाय. उरलेली गाठ साधी आहे, पण ती वाढतेय, आणि औषधाला दाद देणार नाही. ऑपरेशन करूनच काढावी लागेल." परतीच्या एसटीत आई एवढंच म्हणाली, "गल्लीत बोलू नको. पेढे वाटलेत आपण." दुसऱ्या दिवशी शेजारच्या अक्का गरम भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घेऊन आल्या. माझ्या कोवळ्या केसांवरून हात फिरवताना, मी अंगाने सुधारतेय असं वाटून, त्यांचे डोळे भरून आले. "आते कशी अंग धरी राह्यनी माय! ले, आखो येक भाकर खा." आई आतून बाहेर आलीच नाही. दोन घासांतच माझं पोट गच्च झालं होतं, तरी मी ओढणी पुढे ओढून खात राहिले. इतक्या आनंदाने माझ्याकडे बऱ्याच दिवसांत कुणी बघितलं नव्हतं. ती गाठ निघाली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण आजही कुणी कौतुकाने "तब्येत सुधारली हं तुझी" म्हणालं, की मी हसते, आणि घरी येऊन न्हाणीघराची कडी लावून पोट चाचपून बघते.