शेवटच्या खुर्चीतले काका

कुठल्याही हॉलमध्ये शिरले की काका स्टेजकडे बघायचेच नाहीत. तडक मागे जायचे, शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे, चष्मा काढून मांडीवर ठेवायचे आणि डोळे मिटून ओरडायचे, "हां, आता बोला!" स्टेजवर नावाजलेला गायक असो की शाळेतलं पोर, त्याला दोन वाक्यं बोलावीच लागत. नीट ऐकू आलं नाही तर काका म्हणत, "ह्या खुर्चीतलाही घरून निघून आला ना भैया!"

जबलपूरच्या सदर बाजारात त्यांचं माइक आणि स्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं. स्वतः ते गात नसत. नुसते गुणगुणले तरी शेजारचा शिंपी मशीन थांबवून हात जोडायचा. पण गाण्यावर पोट भरू बघणारी पोरंपोरी त्यांच्याकडेच जात. गाणं शिकवणारे गुरू गावात पुष्कळ होते. गाण्याचा धंदा शिकवणारे हे एकटेच.

आमची लेक मुक्ताही गेली. तिच्या बाबांनी तिला एक वर्ष दिलं होतं. गाण्यावर स्वतःचं भागवून दाखव, नाहीतर मुकाट्याने बँकेची परीक्षा दे. मुक्ता गायची छान, पण आमच्या मराठी मंडळींत ती पडली 'घरचीच मुलगी'. गणपतीत गा, कोजागिरीला गा, कोणाच्या डोहाळजेवणाला गा, आणि हातात काय, तर नारळ. त्या वर्षी आमच्याकडे खोबऱ्याच्या वड्यांना खंड नव्हता.

पहिल्या दिवशी काकांनी तिला गायला सांगितलंच नाही. म्हणाले, "मी कार्यक्रम ठरवायला आलो. सांग, किती घेते?"

मुक्ताने आकडा सांगितला आणि लाजून हसली.

"काहून हसून राहिली? हसली की अर्धे गेले. फिरून सांग."

ती पुन्हा हसली.

"चलो, आता सगळेच गेले. नारळ घे अन् जा घरी."

मग कित्येक दिवस हाच रियाज. पोरगी स्वयंपाकघरात गंभीर चेहऱ्याने कुकरला मानधन सांगायची. मला रागच आला. गाणं म्हणजे काय भाजी आहे? तणतणत दुकानात गेले, तर काकांनी आधी चहा पाजला.

"ताई, तुम्ही शाळेत शिकवता. पगार घेता ना?"

"घेते."

"मग पोरीनं नारळावर दिवस काढावे का?"

चहा संपवून मी घरी आले.

पुढे त्यांनी तिचा तिकीट लावून कार्यक्रम करायचं ठरवलं. हॉल बघणं, वादकांशी बोलणं, तिकिटं विकणं, सगळं तिच्याकडूनच करून घेतलं. फुकट पास कोणालाच नाही. "घरच्यांनीच तिकीट नाही काढलं, तं बाहेरचा काहून काढेल?" म्हणाले. पोटच्या लेकीचं गाणं ऐकायला मी तिकीट काढलं. तिच्या बाबांनीही काढलं, पण दोन दिवस कुरकुरले.

त्या संध्याकाळी हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि मी आधी खुर्च्या मोजल्या. पुढे चार-पाच रांगा, मागे नुसती फरशी. बाकीच्या खुर्च्या दाराबाहेर एकावर एक रचलेल्या.

"काका, एवढेच लोक?"

"रिकामी खुर्ची मी गाणाऱ्याला दिसू नाही देत, ताई. माणूस आला की खुर्ची येईल."

आणि खरंच, माणूस आला की काका स्वतः खुर्ची उचलून आणायचे. तबलजीचं अख्खं खटलं गोहलपुरातून आलं, तेव्हा काकांना धाप लागली. मुक्ता गात होती आणि तिच्या डोळ्यांसमोर हॉल भरत चालला होता. शेवटी बाहेर खुर्ची उरली नाही, तेव्हा एका उशिरा आलेल्या बाईला त्यांनी स्वतःची खुर्ची दिली आणि भिंतीला टेकून ऐकत राहिले.

घरी जाताना स्कूटरवर मी ह्यांना विचारलं, "मग बँकेच्या परीक्षेचं काय?"

"बघू," हे म्हणाले. ह्यांचं 'बघू' म्हणजे परीक्षा बारगळली, हे मला ठाऊक होतं. मी मागे बसून रडून घेतलं.

आज मुक्ता नागपूर-रायपूरपर्यंत गाते. मानधन सांगताना हसत नाही. आमच्या मराठी मंडळींतही नाही.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. तिलवाऱ्याला नर्मदेकाठी त्यांना पोचवून आलो, तेव्हा मला सख्खा भाऊ गेल्यासारखं झालं.

त्यांच्या आठवणीत सगळ्या पोरापोरींनी कार्यक्रम ठेवला. शेवटच्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची हार घालून रिकामी ठेवली होती. येणारा-जाणारा तिला नमस्कार करत होता. हॉल तुडुंब भरला, माणसं दारात उभी राहिली.

मुक्ता स्टेजवर आली, समोर बघितलं आणि गायलाच लागेना. मग खाली उतरली, थेट मागे गेली. खुर्चीवरचा हार काढून तिने स्पीकरच्या स्टँडला अडकवला आणि दारात उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना म्हणाली, "बैठिए ना, बाबूजी."

"नहीं बेटी, ये तो किसी की जगह है."

"हां जी. आप ही की है."

ते अवघडून बसले. मुक्ता परत स्टेजवर गेली, माइक हातात घेतला आणि त्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "बाबूजी, सुनाई दे रहा है?"

त्यांनी हात वर केला. मग तिने सूर लावला.