मॅडमांची बिघाडांची यादी

सुरळीत चाललेल्या गोष्टीवर आमच्या मॅडमांइतका संशय घेणारं माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडणार नाही. आम्ही एकाच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचो. ओपन सोर्स सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कुणीही उघडून वाचावा, दुरुस्त करावा असं सॉफ्टवेअर. ते पुढे कुठे बिघडेल हे आधीच ओळखणं, हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता. त्यासाठी त्या प्रत्येक फाइलीतल्या ओळी मोजत, 'असं असेल तर तसं कर' अशा अटी मोजत, किती जणांनी त्यात हात घातला तेही मोजत. आकडा फुगला की बिघाड जवळ आला. ही मोजणी कॉलेजबाहेरही सुटत नसे. माझ्या लग्नपत्रिकेचा मजकूर आठ जणांनी सुधारलाय, हे ऐकूनच त्या म्हणाल्या, "सर, याच्यात चूक निंघन." पत्रिका छापून आली, तर नवरदेव म्हणून माझ्या काकांचं नाव होतं. सहलीच्या बेतात फार जर-तर दिसले म्हणून त्यांनी दुप्पट डबा आणला. गाडी अमडापूरला बंद पडली आणि सगळा विभाग त्यांच्या पोळ्यांवर तरला.

अळी लागू नये म्हणून आणलेल्या बीटी कपाशीवरही बोंडअळी पडू लागल्याचे ते दिवस होते. फवारणी कधी करायची, याचा मेसेज शेतकऱ्यांना पाठवणारा एक ओपन सोर्स प्रोग्राम आमच्या भागातली एक संस्था वापरत होती. मॅडमांनी तो अभ्यासाला घेतला. बिघडू शकणाऱ्या फाइलींच्या त्यांच्या यादीत सगळ्यात वर होती फवारणीच्या तारखा काढणारी फाइल.

"मग संस्थेला कळवा ना," मी म्हणालो.

"कळवलं त ते दुरुस्त करतीन. मंग माहा अंदाज खरा होता का खोटा, हे कसं समजन? प्रबंध जमा होऊ द्या."

मला ते पटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण पटलं.

त्या हंगामात फाइल बिघडली आणि मेसेज फार उशिरा गेले. देऊळघाटला मॅडमांच्या वडिलांची कपाशी होती. मॅडम आणि मी शेतात पोचलो तेव्हा वडिलांनी एक बोंड फोडून माझ्या तळहातावर ठेवलं. आत गुलाबी अळी होती. "मेसेज येळेवर नाही आला, त मले वाटलं यंदा अळी नाही," ते म्हणाले. मॅडमांनी तिथेच, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभं राहून, त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आणखी एक बोंड तोडून त्याची साल सोलली. मग माझ्याशी मराठीत बोलणारे ते लेकीला घरच्या हिंदीत हळूच म्हणाले, "फिर बोली क्यूँ नहीं, बेटी?"

त्याच आठवड्यात मॅडमांनी ती फाइल दुरुस्त केली आणि संस्थेला स्वतःची चूक लिहून कळवली. अंदाज खरा ठरला म्हणून मार्गदर्शक खूश होते. मॅडमांनी मात्र प्रबंध जमाच केला नाही. आता एखादी फाइल संशयास्पद वाटली की त्या लगेच तिच्या कर्त्याला कळवतात, मग तो कुठल्या का देशात असेना.

दर रविवारी त्या देऊळघाटला जातात, वडिलांच्या शेजारच्या ओळीतून बोंडं फोडून पाहत चालतात. वडील पावसाचं बोलतात, कापसाच्या भावाचं बोलतात. त्या मेसेजचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

"एकदा रागावले असते त बरं झालं असतं," मॅडम मला म्हणाल्या होत्या.